पोटाखाली टांगलेली तोफ

 

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ विमानाला हवाई दलाने निरोप दिला. बासष्ट वर्षांची नोकरी करून गडी निवृत्त झाला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, आपल्या ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस एमके-१ए उडालं. दोन्ही बातम्या सगळ्यांनी वाचल्या, फोटो फॉरवर्ड केले, स्टेटसला ठेवले. पण या जुन्या आणि नव्या विमानात एक वस्तू सारखी आहे आणि तिच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात आलं नाही. ती म्हणजे २३ मिलिमीटरची, दोन नळ्यांची, जीएसएच-२३ नावाची तोफ.

गंमत अशी की ओझरला सुरुवातीला जी मिग-२१ विमानं बनली, त्यांच्या मूळ आराखड्यात तोफ नव्हतीच. मुद्दाम ठेवली नव्हती. ती का नव्हती, आणि मग परत कशी आली, हीच आजची गोष्ट.

निफाड तालुक्यात वाढलेल्या माझ्या पिढीला ‘मिग’ हा शब्द विमानाच्या आधी गावाचं नाव म्हणून माहीत झाला. आजही बसमध्ये कंडक्टरला कुणी ‘एचएएल’ म्हणत नाही, ‘ओझर मिग’ म्हणतात. शाळेत असताना डोक्यावरून विमान गेलं की गुरुजी खडू हातात धरून थांबायचे, आवाज विरला की पुढचं वाक्य. द्राक्षबागेत काम करणारी माणसंही आवाजावरून सांगायची, आज चाचणी आहे म्हणून. हा कारखाना १९६४ चा. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि १९६३ मध्ये याच नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध गेले होते. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. पहिल्यांदा बनलं ते मिग-२१ एफएल.

आता आधी तोफ म्हणजे काय ते सांगतो, कारण बरेच जण मशीनगन आणि तोफ एकच समजतात. मशीनगनची गोळी म्हणजे धातूचा भरीव तुकडा. तो भोक पाडतो आणि जातो. नळीचं तोंड साधारण २० मिलिमीटरच्या वर गेलं की गोळ्याच्या पोटात स्फोटक भरता येतं. असा गोळा आदळला की फुटतो. विमानाच्या पत्र्याला भोक पडणं वेगळं आणि पत्र्याच्या आत स्फोट होणं वेगळं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांच्या स्पिटफायरमध्ये आठ मशीनगन होत्या. त्यांच्या गोळ्या खाऊनही जर्मन बॉम्बफेकी विमानं चाळण होऊन घरी पोचायची. म्हणून मग २० मिलिमीटरच्या हिस्पानो तोफा बसवल्या गेल्या.

युद्ध संपता संपता जर्मनीच्या माउझर कंपनीने एक नवी रचना तयार केली होती. रिव्हॉल्व्हरला जसा फिरता गड्डा असतो तसाच गड्डा तोफेला. जर्मनी हरलं, पण कागद आणि नमुने जेत्यांच्या हाती लागले. त्यातून ब्रिटनची एडन, फ्रान्सची डेफा आणि अमेरिकेची एम-३९, अशा तीन तोफा निघाल्या. यातली ३० मिलिमीटरची एडन आपल्या हंटर आणि नॅट विमानांत होती. अमेरिकेने त्याच काळात आणखी एक वाट धरली. १८६२ मध्ये पेटंट घेतलेली गॅटलिंगची जुनी फिरत्या नळ्यांची बंदूक वीजमोटरवर चालवून पाहिली आणि सहा नळ्यांची, मिनिटाला सहा हजार गोळे सोडणारी व्हल्कन तोफ बनवली.

म्हणजे १९५० नंतरच्या दहा वर्षांत तोफ कधी नव्हे इतकी चांगली झाली होती. आणि नेमकं त्याच वेळी मोठ्या लोकांनी ठरवलं की आता तोफेची गरज संपली.

कारण क्षेपणास्त्र आलं होतं. सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या सेबर विमानांनी चीनच्या मिग विमानांवर अमेरिकेचं साइडवाइंडर पहिल्यांदा डागलं. हे क्षेपणास्त्र शत्रूच्या इंजिनाची उष्णता हेरून आपणहून मागे लागायचं. त्या झटापटीतलं एक साइडवाइंडर चिनी मिगच्या अंगात रुतून बसलं आणि फुटलंच नाही! विमान ते घेऊन घरी गेलं. चीनने ते रशियाला दिलं आणि रशियाने ते उघडून, बघून आपलं के-१३ बनवलं. हेच के-१३ पुढे आपल्या मिग-२१ ला लागलं.

या क्षेपणास्त्रांनी सगळ्यांचं डोकं फिरवलं. विचार असा की विमानं आता आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणार, मग जवळ येऊन गोळीबार करायला वेळ कुणाला मिळणार? लांबून बटण दाबायचं, काम फत्ते. १९५७ मध्ये ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी श्वेतपत्रिकाच काढली. तिचा रोख असा होता की पुढे वैमानिक बसलेल्या लढाऊ विमानांचीच फारशी गरज उरणार नाही. मग त्यांच्या लाइटनिंग विमानाच्या एका आवृत्तीतून तोफा काढल्या. अमेरिकेचं फँटम विमान तर तोफेशिवायच जन्माला आलं. रशियानेही मिग-२१ च्या पहिल्या आवृत्तीत असलेली तोफ पुढच्या आवृत्तीत काढून टाकली आणि खाली फक्त दोन के-१३ लटकवली. वजन वाचलं, नाकात रडारला जागा झाली. कागदावर सगळं छान दिसत होतं.

आपल्याला ही कागदावरची हुशारी सप्टेंबर १९६५ मध्ये महागात पडली. पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं तेव्हा आपल्याकडे मिग-२१ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. २८ नंबरच्या स्क्वॉड्रनचे प्रमुख होते विंग कमांडर एम. एस. डी. वोलेन. पहिल्याच आठवड्यात छांबच्या आघाडीवर त्यांना पाकिस्तानचं सेबर दिसलं. त्यांनी मागून गाठलं आणि पहिलं के-१३ सोडलं. चुकलं. दुसरं सोडलं. तेही चुकलं. सेबर जमिनीलगत उडत होतं. त्या काळच्या क्षेपणास्त्राला तापलेली जमीन आणि तापलेलं इंजिन यांतला फरक नीट कळत नसे.

आता डोळ्यांसमोर आणा. जगातल्या सर्वांत आधुनिक विमानांपैकी एकात माणूस बसलाय. शत्रू समोर आहे, इतका जवळ की टक्कर होईल की काय असं वाटावं. आणि याच्याकडे मारायला काहीही नाही. वोलेन त्या सेबरच्या डोक्यावरून सुसाट निघून गेले. सेबर घरी गेलं. त्या जुन्या सेबरमध्ये मात्र सहा मशीनगन शाबूत होत्या.

हे वोलेन पुढे एअर मार्शल झाले आणि १९८० च्या दशकात एचएएलचे अध्यक्षही झाले. म्हणजे तोफ नसल्याची किंमत ज्यांनी स्वतः अनुभवली, तेच पुढे ओझरच्या कारखान्याचे सर्वोच्च साहेब होते.

तिकडे व्हिएतनाममध्ये अमेरिकेलाही हाच धडा मिळत होता, आणि फार मोठ्या प्रमाणात. फँटमचं मुख्य अस्त्र स्पॅरो क्षेपणास्त्र. दहा सोडली तर एखादं जेमतेम लागायचं. समोर उत्तर व्हिएतनामची जुनी मिग-१७, ज्यांच्याकडे तोफा होत्या आणि जी चटकन वळायची. जवळ आलं की फँटमचा वैमानिक हात चोळत बसायचा. शेवटी अमेरिकेने फँटमच्या पोटाखाली व्हल्कन तोफेची पेटी टांगली, आणि मग फँटम-ई या आवृत्तीत तोफ थेट नाकाखाली कायमची बसवली. खरं बोलायचं तर तोफ हा एकटाच उपाय नव्हता. अमेरिकी नौदलाने आपल्या फँटममध्ये आत तोफ बसवलीच नाही, त्याऐवजी वैमानिकांना जवळच्या लढाईचं कडक शिक्षण दिलं. तीच ती ‘टॉप गन’ शाळा, जिच्यावर सिनेमा निघाला. पण वायुदल काय किंवा नौदल काय, दोघांनीही एक गोष्ट कबूल केली: लढाई लांबून संपेल हे गृहीतक चुकलं होतं.

आपल्या मिग-२१ एफएललाही तसाच उपाय झाला. पोटाखाली जीपी-९ नावाची पेटी टांगायची. पेटीत जीएसएच-२३ तोफ आणि २०० गोळे. विमान बनवताना जी जागा तोफेला दिली नव्हती, ती आता विमानाबाहेर शोधावी लागली. घर बांधताना न्हाणीघर विसरावं आणि नंतर मागच्या भिंतीला पत्र्याची शेड मारावी, तसं.

ही तोफ मात्र खरोखर डोकेबाज आहे. नावातली अक्षरं ग्र्याझेव्ह आणि शिपुनोव्ह या दोन रशियन अभियंत्यांची. मूळ कल्पना त्यांच्याही आधीची, पहिल्या महायुद्धातल्या कार्ल गास्ट या जर्मन माणसाची. आपल्याकडे एका उखळात दोघी बायका आळीपाळीने मुसळ घालायच्या ते आठवतंय? एकीचं वर, एकीचं खाली, ताल कधी चुकत नसे. या तोफेच्या दोन नळ्या तशाच चालतात. फक्त इथे दोन्ही मुसळं एकमेकांना बांधलेली आहेत. एका नळीतून गोळा सुटला की त्या धक्क्याचा जोर वाया जात नाही, त्याच जोरावर दुसरी नळी भरली जाते. दुसरी उडाली की पहिली भरते. बाहेरची मोटर नको की वीज नको. वजन साधारण पन्नास किलो, म्हणजे सिमेंटची एक गोणी. अमेरिकेची व्हल्कन याच्या दुपटीहून जड. आणि वेग मिनिटाला तीन हजार गोळ्यांच्या वर.

आता हिशेब करा. २०० गोळे आणि मिनिटाला तीन हजारांवर वेग. म्हणजे चाप दाबून धरला तर चार सेकंदांत पेटी रिकामी. सिनेमात हिरो पाच-पाच मिनिटं गोळ्या झाडतो, ते सगळं खोटं. खरा वैमानिक अर्धा सेकंद, एक सेकंद चाप दाबतो आणि सोडतो. त्या अर्ध्या सेकंदासाठी वर्षानुवर्षं सराव करावा लागतो, कारण आपण हलतोय, समोरचाही हलतोय आणि नेम धरायचा तो समोरचा जिथे पोचणार आहे तिथे.

१९७१ मध्ये या सगळ्याचा हिशेब पूर्ण झाला. युद्धाची अधिकृत सुरुवात व्हायच्या आधीच, २२ नोव्हेंबरला, बंगालच्या सीमेवर बोयरा इथे चार नॅट आणि पाकिस्तानची सेबर विमानं भिडली. नॅट म्हणजे इतकं छोटं विमान की लढाऊ विमानांच्या रांगेत उभं केलं तर खेळणं वाटावं. क्षेपणास्त्र नाही, फक्त दोन एडन तोफा. काही मिनिटांत काम झालं. दोन पाकिस्तानी वैमानिक पॅराशूटने आपल्या ताब्यातल्या भागात उतरले आणि कैद झाले. त्यातले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले.

५ डिसेंबरला लोंगेवाला. ‘बॉर्डर’ सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांची तुकडी रात्रभर टिकून राहिली, हे खरंच. पण रात्री हंटर विमानं उडू शकत नव्हती. उजाडलं आणि जैसलमेरहून हंटर आली. रॉकेट आणि तोफा. रणगाड्याचं चिलखत समोरून जाड असतं, वरून आणि मागून पातळ. ३० मिलिमीटरचे गोळे नेमके तिथे बसत होते. वाळवंटात लपायला झाड नाही, आडोसा नाही. रणगाड्यांनी जीव वाचवायला वाळूत मारलेल्या गोल गोल चकरांचे फोटो आजही पाहायला मिळतात.

आणि १२ डिसेंबर. जामनगरवर पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर आलं. हे तेच अमेरिकन विमान, ज्यात व्हल्कन तोफ सर्वांत आधी बसली. फ्लाइट लेफ्टनंट बी. बी. सोनी मिग-२१ एफएल घेऊन त्याच्या मागे लागले. क्षेपणास्त्राने काम झालं नाही. मग कच्छच्या आखातावर, पाण्यालगत, त्यांनी अंतर कमी करत नेलं आणि पोटाखाली टांगलेल्या त्या तोफेने स्टारफायटर पाडलं. त्याचे वैमानिक विंग कमांडर मिडलकोट यांनी समुद्रात उडी घेतली, पण ते पुन्हा सापडले नाहीत. शत्रू असले तरी ते पाकिस्तानचे नावाजलेले लढवय्ये होते, हेही नोंदवायला हवं.

सहा वर्षांपूर्वी वोलेन यांच्या हातात जे नव्हतं, ते सोनींच्या हातात होतं. फरक तेवढाच होता: एक पेटी आणि २०० गोळे.

त्यानंतर ओझरला मिग-२१ च्या ज्या पुढच्या आवृत्त्या बनल्या, एम आणि बिस, त्यांच्यात तोफ शरीराच्या आतच बसवलेली आली. मग मिग-२७ आलं, त्यात सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ. ती इतकी दणकट की रशियात तिच्या हादऱ्याने विमानाचे दिवे फुटल्याच्या आणि उपकरणं बिघडल्याच्या तक्रारी होत्या. मग सुखोई-३०, त्यात एक नळी आणि १५० गोळे. आणि आता तेजस, ज्यात परत तीच जुनी ओळखीची जीएसएच-२३. हेलिकॉप्टरांचंही तसंच. आपलं प्रचंड हेलिकॉप्टर घ्या किंवा अमेरिकेचं अपाचे, नाकाखाली फिरती तोफ आहेच. वैमानिक मान वळवेल तिकडे नळी वळते.

कुणी म्हणेल, आज लढाया शंभर-शंभर किलोमीटरवरून होतात, तोफेचं काय कौतुक? बरोबर आहे. विमानाने विमानाला तोफेने पाडल्याच्या घटना आता विरळाच. पण ब्रिटनची गोष्ट ऐका. त्यांच्या टायफून विमानात तोफ होती. २००० साली पैसे वाचवायचे म्हणून ठरलं की तोफेसाठी गोळेच घ्यायचे नाहीत. तोफ काढली तर विमानाचा तोल बिघडणार, म्हणून ती तशीच ठेवायची. म्हणजे करोडोंची तोफ आणि काम वजनाच्या दगडाचं! पुढे अफगाणिस्तानात सैनिकांना जवळून मदत हवी होती. तिथे बॉम्ब टाकला तर आपलीच माणसं मरायची भीती. २००६ मध्ये निर्णय गुपचूप फिरवला. आणि आता ड्रोनचं युग. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र सोडणं परवडत नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी ड्रोन पाडायला आपल्या लष्कराने जमिनीवरच्या जुन्या एल-७० तोफा वापरल्याच ना?

मग या सगळ्यातून मला काय म्हणायचंय?

तोफ चांगली आणि क्षेपणास्त्र वाईट, असं मी म्हणत नाही. क्षेपणास्त्र सुधारलं, आजचं के-१३ च्या काळातलं राहिलेलं नाही. माझा मुद्दा निर्णय कसा झाला याचा आहे. तोफ काढायचं ठरवलं ते लंडन, वॉशिंग्टन, मॉस्कोच्या कार्यालयांत. सेबरच्या डोक्यावरून रिकाम्या हातांनी जायची पाळी आली ती छांबच्या आकाशात एका माणसावर. ज्याने ठरवलं त्याला किंमत मोजावी लागली नाही आणि ज्याने किंमत मोजली त्याला ठरवताना कुणी विचारलं नव्हतं.

हे फक्त विमानांचं आहे का हो? आमच्या भागातल्या एका गावात नळयोजना आली तेव्हा हातपंप काढून टाकले. आता घरोघरी नळ, हातपंप कशाला, असं सांगितलं गेलं. बातमी मीच केली होती, हसऱ्या फोटोसकट. दोन उन्हाळे बरे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात मोटर जळाली, दुरुस्तीचा कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहिला आणि बायका हंडे घेऊन दीड किलोमीटरवरच्या विहिरीवर. हातपंप असता तर निदान प्यायचं पाणी मिळालं असतं. काढायच्या आधी त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगतो, बातमी करताना मीही विचारलं नव्हतं. ती चूक माझी आहे आणि ती अजून टोचते.

नवं जरूर आणा. पण जुनं उपटायच्या आधी, रोज ते वापरणाऱ्याला एकदा विचारा. नाहीतर पुढे ते परत आणावंच लागतं, पोटाखाली टांगून, जास्त खर्च करून, आणि मधल्या काळात कुणीतरी रिकाम्या हाताने उभं राहिलेलं असतं.

शेवटचं एक. ओझर मिगला ज्यांनी त्या एफएलचे पत्रे जोडले, तारा ओढल्या, रिव्हेट मारले, ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. काही गेली. त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही आणि निघणारही नाही. तुमच्या गल्लीत, नात्यात असं कुणी असेल तर एक संध्याकाळ त्यांच्याकडे जाऊन बसा. काय बनवलं, कसं बनवलं, काय बिघडायचं, साहेब कधी ऐकायचे आणि कधी नाही, ते विचारा आणि लिहून ठेवा. मला पाठवलंत तर मी नावानिशी छापेन.

तेजस आपल्या डोक्यावरून गेलं. पुढच्या वेळी आवाज आला तर वर बघताना त्या सिमेंटच्या गोणीएवढ्या वजनाचीही आठवण ठेवा.